पहिली मियाटा (१९९५, १.८), बजेट ३,००० डॉलर : आधी काय, नंतर काय?

नवा_चालक (धागाकर्ता)

गाडी: माझदा मियाटा (दोन सीटची, कापडी छताची), १९९५, १.८ लिटर, पाच गिअर, १,२८,००० मैल.
ठिकाण: न्यू जर्सी. एप्रिल ते ऑक्टोबर रोजचा वापर, महिन्यातून एखादा ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकूंमधून घड्याळ लावून एकेकट्या गाडीची फेरी). हिवाळ्यात गाडी बंद.
माहिती: टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) कधी बदलला त्याची नोंद नाही. मूळ १४ इंची चाके, टायरवर शेवटचे चार आकडे २२१४. पत्रा ठीक दिसतो. हलका टकटक आवाज येतो, गाडी तापल्यावर जातो.
हत्यारे: जॅक, चार स्टँड, टॉर्क पाना, सॉकेट सेट.

यादीत सध्या कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप), एक्झॉस्ट, कोल्ड एअर इन्टेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारी नळी) आणि रुंद चाके आहेत. हा क्रम बरोबर आहे का? एकूण ३,००० डॉलरच्या वर जाता येणार नाही.

---

तेलकट

यादी बाजूला ठेवा. नोंद नसलेला बेल्ट म्हणजे संपलेला बेल्ट. माझदाचं अंतर ६०,००० मैल आहे, म्हणजे तुमच्या गाडीत आतापर्यंत दोन वेळा तो बदललेला असायला हवा.

त्यासाठी पुढचं सगळं उघडणारच आहात, तर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग, वॉटर पंप, दोन्ही कॅमचे पुढचे सील, क्रँकचा पुढचा सील आणि व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट एकदमच बदला. वॉटर पंप फिरतो अल्टरनेटरच्या बेल्टवर, टायमिंग बेल्टवर नाही. म्हणून काही जण तो तसाच सोडतात. पण तो काढायला टायमिंगची कव्हरं पुन्हा उतरवावी लागतात. सहा महिन्यांनी पंप गळला तर सगळी मेहनत दुसऱ्यांदा.

बसवताना कॅमच्या दोन चक्रांवरच्या I आणि E या खुणांमध्ये बेल्टचे बरोबर १९ दात हवेत. क्रँक हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. स्टार्टरने फिरवून बघायचं नाही. एक दात चुकला तर इंजिन सुरू होतं, पण कमी आरपीएमला ओढत नाही आणि आयडल डळमळतो. मग लोक सेन्सर बदलत बसतात.

क्रँकचा मोठा बोल्ट काढला तर परत आवळताना १५७ ते १६७ न्यूटन मीटर. हा आकडा १९९५ च्या लांब नाकाच्या क्रँकचा आहे. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं नाक आखूड होतं, त्यांचा टॉर्क वेगळा. बोल्ट ढिला राहिला की त्या क्रँकची चावीची खाच खराब होते आणि पुली डगमगू लागते. तुम्हाला ती काळजी नाही. फक्त इंटरनेटवर आकडे शोधताना जुन्या १.६ चा आकडा उचलू नका.

टकटक हायड्रॉलिक लिफ्टरची (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग) आहे. तापल्यावर जात असेल तर इंजिन उघडू नका. ऑइल वेळेवर बदला, पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा.

---

डेट्रॉइटकर

"पत्रा ठीक दिसतो" यावर थांबू नका. मियाटा वरून गंजत नाही, आतून गंजते.

कापडी छताचं पाणी सीटमागे, सीटबेल्टच्या खांबाजवळच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं. पानं-माती साचून त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं. गंज आतून सुरू होतो आणि मागच्या चाकाच्या पुढच्या बाजूला फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. तपासायची पद्धत: छत मागे करा, नळीच्या तोंडाशी थोडं थोडं पाणी ओता. गाडीखाली, मागच्या चाकाच्या पुढे, लगेच ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर मऊ प्लास्टिकची लवचीक काडी घाला. तार घालू नका, नळी फाटते आणि पाणी थेट पट्टीत जातं.

डिकीतली बॅटरीही बघा. मूळ बॅटरी बंद प्रकारची, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची होती. तिथे साधी पाण्याची बॅटरी ठेवली असेल तर आम्लाच्या वाफेने खालचा पत्रा खातो. बॅटरी उचलून तळ बघा.

हे सगळं खर्च सुरू करायच्या आधी. खालची पट्टी गेलेली निघाली तर ३,००० पैकी मोठा भाग वेल्डिंगला जाईल, आणि तो तिथेच गेला पाहिजे.

---

पाना१०

तेलकट यांच्याशी सहमत. पाण्याच्या बाजूची भर घालतो.

रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. नवी काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी-हिरवट पडते. तपकिरी असेल तर ती फुटणार, कधी ते सांगता येत नाही. रेडिएटर, वरचा-खालचा होज, हीटरचे दोन होज, थर्मोस्टॅट आणि झाकण एकत्र बदला. पूर्ण यंत्रणेत ६ लिटर पाणी-कूलंट बसतं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं निम्मं. भरताना गाडीचं नाक वर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकली की हीटर थंड हवा देतो, हेडमध्ये मात्र पाणी उकळतं.

डॅशबोर्डवरच्या काट्यांवर विसंबू नका. तापमानाचा काटा बराच मोठा पल्ला मधोमधच उभा राहतो. तो हलला म्हणजे उशीर झाला. १९९५ पासून ऑइल प्रेशरचा काटाही खरा दाब दाखवत नाही. आत फक्त स्विच आहे: दाब आहे किंवा नाही. आकडा हवा असेल तर वेगळा सेन्सर आणि गेज लावावं लागतं.

हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची रबरी ओ-रिंग कडक होते, ऑइल झिरपून बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) उतरतं आणि मेकॅनिक क्रँकचा मागचा सील गेला म्हणून गिअरबॉक्स उतरवायचं सांगतो. आधी ही दोन-तीन डॉलरची ओ-रिंग बदला, धुवा, आठवडाभर चालवून पुन्हा बघा. सेन्सर काढण्याआधी त्याच्या आणि हेडच्या अंगावर एक सरळ रेघ मारून ठेवा, नाहीतर टायमिंग हलेल.

तेलं: गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, २ लिटर. डिफरन्शियलमध्ये जीएल-५, १ लिटर. उलटं करू नका; काही जीएल-५ तेलांतले गंधकाचे घटक गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोला मानवत नाहीत. आणि भरण्याचा बोल्ट आधी सोडवा, निचऱ्याचा नंतर. भरण्याचा बोल्ट जाम निघाला तर निदान जुनं तेल आत राहतं आणि गाडी चालवता येते.

---

नवा_चालक

नळ्या तपासल्या, दोन्हीकडून पाणी येतं. बॅटरीखाली पत्रा स्वच्छ. रेडिएटरची टाकी तपकिरी आहे. म्हणजे बेल्ट आणि पाण्याची बाजू पक्की.

दोन प्रश्न. गाडीत टॉर्सेन डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) आहे का ते कसं ओळखायचं? आणि कॉइलओव्हर अजिबात नको का?

---

वळणवेडी

टॉर्सेन: मागची दोन्ही चाकं उचला, स्टँड लावा, पुढच्या चाकांना अडण्या लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर साधं डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर टॉर्सेन. मागून उचलताना जॅक डिफरन्शियलच्या घराखाली, पुढून उचलताना पुढच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर.

आता कॉइलओव्हर. तुमच्या बजेटमध्ये पाचशे-सहाशेचे बसतात, आणि ते मूळ गाडीपेक्षा वाईट चालतात. या गाडीत सस्पेन्शनला वर दबायला जागा मुळातच कमी आहे. गाडी दोन इंच खाली आणली की ती वळणात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, बसते. स्टॉपवर बसली म्हणजे त्या चाकाची स्प्रिंग अचानक दगड झाली. मागच्या बाजूला हे झालं की मागचं टोक सुटतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं टायर खराब आहेत. चांगले कॉइलओव्हर १,२०० च्या पुढे सुरू होतात. ते कधी घेतलेच तर दाराखालच्या जोडपट्टीची जमिनीपासून उंची पुढे ११५ मिमी आणि मागे १२५ मिमीच्या खाली नेऊ नका.

दुसरं कारण नियमांचं. अमेरिकेत ऑटोक्रॉस बहुतेक एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांनी चालतो. स्ट्रीट वर्गात शॉकअप बदलता येतात, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) बदलता येतो, स्प्रिंग बदलता येत नाही. कॉइलओव्हर लावलात की थेट वरच्या वर्गात, जिथे बाकीच्यांनी गाडीवर तुमच्या कितीतरी पट खर्च केलेला असतो.

म्हणून मूळ स्प्रिंगवर चार नवे शॉकअप, नवे बंप स्टॉप, वरचे रबरी माउंट. केवायबीचे गॅस शॉकअप साधारण चारशेत होतात. कोनी किंवा बिल्स्टीन जास्त चांगले, पण मग खालची रक्कम बिघडते.

चाकांबाबत: १९९४ ते ९७ ची मूळ चाकं १४ × ६, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) ४५ मिमी. दुसऱ्या पिढीच्या मियाटाची, म्हणजे एनबीची, १५ × ६, ऑफसेट ४० ची चाकं जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. बोल्टचा वर्तुळव्यास तोच ४ × १००, मधलं भोक तेच ५४.१ मिमी. स्ट्रीट वर्गात व्यास एक इंच बदलू शकतो, रुंदी मूळच हवी, ऑफसेटला ७ मिमीची सूट. म्हणजे नियमात चपखल. टायर १९५/५०आर१५. मूळ १८५/६०आर१४ चा व्यास ५७८ मिमी येतो, याचा ५७६, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही जागेवर. आणि १४ इंचात आता चांगले टायर जवळजवळ मिळत नाहीत. ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) २०० किंवा त्याहून जास्त बघा, त्याखाली स्ट्रीट वर्ग घेत नाही.

तुमचे सध्याचे टायर २०१४ च्या २२ व्या आठवड्यातले आहेत. खाचा कितीही खोल असोत, ते रबर आता कडक झालंय. पावसात त्यांच्यावर जाऊ नका.

---

कडेलोट_कंट्रोल

सगळं पटलं, पण १२८ अश्वशक्तीच आहे मूळची. इन्टेक आणि एक्झॉस्ट मिळून सातशे-आठशेत होतात, थोडी ताकद वाढली तर काय वाईट? नवीन माणसाला काहीतरी जाणवायला नको का?

---

तेलकट

जाणवतो तो आवाज. या इंजिनात इन्टेक आणि मफलरने मिळणारी वाढ दोन-चार अश्वशक्तींची, तीही वरच्या आरपीएमला. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत असेल तर उणेही होते. टर्बो किटचा खरा खर्च किटवर थांबत नाही: इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), क्लच, रेडिएटर, आणि मग पाच गिअरच्या बॉक्सची काळजी. ३,००० मध्ये तो विषय येत नाही.

फुकट मिळणारी एक गोष्ट आहे. एनएमध्ये, म्हणजे तुमच्या पहिल्या पिढीच्या मियाटात, बेस टायमिंग (ठिणगीची मूळ वेळ) हाताने बदलता येतं. मूळ १०°, ते १४° पर्यंत नेता येतं. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी-दिवे बंद, आयडल ८५० च्या आसपास. बॉनेटखालच्या डायग्नोसिस डब्यात टेन आणि जीएनडी हे दोन पॉइंट वायरने जोडा. हे न जोडता मोजलं तर ईसीयू स्वतःच टायमिंग हलवत राहतो आणि आकडा खोटा येतो. टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर. कॅम अँगल सेन्सरचा १२ मिमी बोल्ट जरा ढिला करा, सेन्सर अगदी थोडा फिरवा, खूण १४° वर आली की आवळा, पुन्हा मोजा, मग वायर काढा. खालच्या आरपीएमला थ्रॉटलचा प्रतिसाद सुधारतो. यानंतर ९१ ऑक्टेन किंवा त्यावरचंच पेट्रोल. चढावर, कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल देऊन ऐका. खडखडला तर १२° वर आणा. एनबीवाल्यांनी हे करू नये, त्यांचं टायमिंग क्रँकच्या सेन्सरवरून ठरतं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: तिथे इन्टेक बदलायचा तर त्यावर कार्बचा (तिथलं हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळ) मान्यता क्रमांक लागतो, नाहीतर स्मॉग तपासणी अडते.

---

लीड्सवाला

इंग्लंडमधून. इकडे जपानहून आलेल्या युनोस रोडस्टर (मियाटाचं तिकडचं नाव) पुष्कळ आहेत, त्यामुळे हा धागा उपयोगी. इकडच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा: केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, चाकं बदलली तरी. आणि एमओटीत (इकडची वार्षिक वाहन तपासणी) दाराखालच्या पट्ट्या हमखास पकडल्या जातात; त्यावर नुसतं फिलर लावून रंगवलेली गाडी घेऊ नका, चुंबक लावून बघा.

शंका: कूलंट रीरूट करावं का? सगळीकडे वाचायला मिळतं.

---

पाना१०

हे इंजिन मुळात आडवं बसवण्यासाठी केलेलं. मियाटात ते उभं बसवताना पाण्याचा मार्ग मागच्या टोकाऐवजी पुढून काढला, त्यामुळे चौथ्या सिलिंडरपाशी पाणी कमी फिरतं. रीरूटमध्ये थर्मोस्टॅट पुन्हा मागे नेतात. सर्किटवर वीस-वीस मिनिटं चालवणाऱ्याला किंवा टर्बोवाल्याला ते हवं. ऑटोक्रॉसची फेरी मिनिटाभराची असते. नवा रेडिएटर पुरेसा आहे.

---

वळणवेडी

ब्रेकवर कोणी लिहिलं नाही. मोठे कॅलिपर नको. १.८ ची पुढची डिस्क २५५ मिमी आहे, या वजनाला भरपूर. चांगले पॅड, ताजं डॉट ४ फ्लुइड, बस. डिस्क किमान जाडीच्या वर असेल तर ठेवा. सिलिकॉनचं डॉट ५ चुकूनही नको, जुन्यात मिसळत नाही.

मागचे पॅड बदलताना बरेच जण कॅलिपर मोडतात. मागचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबायचा नसतो. कॅलिपरच्या पाठीमागे १४ मिमीचा एक झाकणाचा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन मागे जातो. नवे पॅड बसवून सुलट फिरवा, पॅड डिस्कला टेकले की एक तृतीयांश फेरी मागे घ्या आणि झाकणाचा बोल्ट लावा. हे जुळवलं नाही तर हँडब्रेक वरपर्यंत येतो.

अलाइनमेंट शेवटी, सस्पेन्शनचं सगळं काम झाल्यावर, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं वजन ठेवून. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ ते उणे १.३ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ४.५ ते ५ अंश, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य. मागे कॅम्बर उणे १.५, एकूण टो-इन २ ते ३ मिमी. मागचा टो कधीही बाहेरच्या बाजूला नको, ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. हे आकडे कागदावर लिहून द्या, आणि चारही कोन जुळवायला किती घेणार ते आधी विचारा. नुसता पुढचा टो जुळवून पूर्ण पैसे घेणारी दुकानं आहेत. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच.

---

पुणेरी_पिस्टन

अवांतर: भारतात अशी जुनी गाडी आणून हे करता येईल का?

---

कडेलोट_कंट्रोल

नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पण टायर, ब्रेक फ्लुइड, मूळ मापाचे शॉकअप आणि अलाइनमेंट हा क्रम पुण्यातल्या कोणत्याही गाडीला लागू आहे.

आणि वर इन्टेकबद्दल जे म्हटलं ते मागे घेतो. फुकटचे ४° आधी.

---

तेलकट

@नवा_चालक, हिशेब मांडतो. काम स्वतः केलंत असं धरून, अंदाजे:

बेल्ट, पंप, सील, रेडिएटर, होज: ५५०
सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड: १५०
पॅड: १५०
एनबीची चार चाकं: ३००
टायर, बसवून: ५००
शॉकअप, माउंट, बंप स्टॉप: ५५०
अलाइनमेंट: १३०

झाले २,३३०. उरले ६७०. ते रोल बारला (सीटमागची पोलादी कमान). एक्झॉस्टला नाही. उघड्या गाडीत उलटल्यावर वर फक्त विंडशील्डची चौकट असते. बारचा वरचा भाग आणि विंडशील्डचा वरचा कडा यांवर एक सरळ काठी टेकवा. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं काठीच्या ५ सेंटिमीटर तरी खाली हवं. उंच असाल तर सीटमधला फोम कमी करावा लागेल. डोकं लागू शकेल तिथे एसएफआय ४५.१ (शर्यतीच्या सुरक्षा-सामानाचं मानक) दर्जाचं कडक पॅडिंग, पाइपला गुंडाळायचा मऊ फोम नाही. भोकं पाडण्याआधी मागचा गालिचा पूर्ण काढा आणि खाली काय आहे ते बघा: पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच, शेल्फच्या पत्र्याखाली आहे. ड्रिलला खोलीचा अडसर लावा. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला किटमधल्या जाड प्लेट लावल्याशिवाय बोल्ट आवळू नका.

---

नवा_चालक

मागची चाकं फिरवली, दोन्ही एकाच दिशेने. टॉर्सेन आहे. भागांची ऑर्डर या यादीप्रमाणे देतो आहे. शॉकअप काढताना कुठे अडकायला होतं?

---

डेट्रॉइटकर

मागे. पुढे सोपं आहे: अँटी-रोल बारची लिंक, शॉकअपचा खालचा बोल्ट, खालच्या बॉल जॉइंटचे दोन बोल्ट, वरचे दोन नट, की आर्म खाली झुकते आणि जुळणी निघते. मागे खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला एक लांब बोल्ट आरपार जातो. मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत तो बुशच्या आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला असतो. आठवडाभर आधीपासून रोज त्यावर भेदक तेल मारा. नट सुटला तरी बोल्ट गोल फिरला पाहिजे. बोल्टबरोबर रबरही पिळत असेल तर जोर लावू नका, डोकं तुटेल. नट बोल्टच्या टोकाशी सपाट ठेवून हातोडीने ठोका, म्हणजे आटे वाचतात. नाहीच हलला तर बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीने कापावा लागतो, म्हणून नवे दोन बोल्ट आत्ताच मागवा. बसवताना त्यावर अँटी-सीझ लावा.

स्प्रिंग काढताना दोन कंप्रेसर समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको.

आणि हे विसरू नका: रबरी बुश असलेले सगळे बोल्ट हवेत लटकलेल्या गाडीत फक्त हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा खाली-वर दाबा, मग पूर्ण टॉर्क द्या. रॅम्प नसेल तर चाकांखाली जाड लाकडी ठोकळे ठेवून जागा करा. हवेत आवळलेलं रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं, गाडी मूळ उंचीपेक्षा वर उभी राहते, आणि नवे बुश असले तरी एका मोसमात फाटतात. अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी नको, शंभरेक मैल चालवून मग न्या.